तोरणमाळचा घाट सायकलने कसा चढावा आणि कसा उतरावा

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून तोरणमाळ या सातपुड्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी जाणारा डांबरी रस्ता खानदेशातल्या प्रत्येक सायकलस्वाराने एकदा तरी नीट तयारीनिशी करावा असा आहे. पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या या वाटेचा पहिला मोठा भाग केळी, पपई, ऊस आणि कापसाच्या शिवारांतून जवळजवळ सपाट जातो. म्हसावद मागे पडले की सातपुड्याची रांग समोर उभी राहते, आणि राणीपूरच्या पुढे सागाच्या जंगलातून वळणे घेत घेत रस्ता ११४३ मीटर उंचीच्या पठारावर पोहोचतो. शहादा तापीच्या खोऱ्यात वसलेले असल्यामुळे एकूण चढ साधारण एक हजार मीटरचा भरतो आणि त्यातला बहुतेक भाग शेवटच्या टप्प्यात साठलेला आहे. रस्ता सायकलींसाठी राखीव नाही. एसटी, जीपगाड्या, दुचाकी आणि गुरे यांच्यासोबतच तो वापरायचा असतो, आणि पुढच्या सगळ्या सूचना हे गृहीत धरूनच लिहिल्या आहेत.

या घाटाबद्दल एक गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी, कारण वेळेचे सगळे गणित तिच्यावर बसवायचे आहे. सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला आहे आणि शहाद्याकडून येणारा रस्ता त्याच्या दक्षिणेकडच्या अंगाने चढतो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ज्या महिन्यांत आपण आल्हाददायक हवेच्या अपेक्षेने सायकल काढतो, त्याच महिन्यांत हा उतार सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात राहतो. काळा बेसाल्ट खडक आणि डांबर दोन्ही तापतात, सागाची पाने नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच गळू लागतात आणि उरलीसुरली सावलीही जाते. म्हणून घाट किती वाजता सुरू होतो यावर त्या दिवसाचा सगळा प्रवास ठरतो. सकाळी साडेआठच्या आत जो राणीपूर ओलांडतो त्याला घाट कठीण पण सुसह्य वाटतो. अकरा वाजता पायथ्याशी पोहोचणाऱ्याला तोच घाट चौपट वाटतो आणि त्याचे पाणी पठाराच्या बरेच आधी संपते.

डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या पुढेमागे होतो, त्यामुळे शहाद्याहून पहाटे साडेपाचला निघायचे असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अनिवार्य समजावा. ऊसतोडीच्या हंगामात या भागात उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. अंधारात वेग वाढवण्याचा मोह टाळावा. ज्यांना हे जड वाटते त्यांनी आदल्या दिवशी म्हसावदपर्यंत येऊन तेथे ओळखीपाळखीत मुक्काम करावा, किंवा सायकल पिकअपमध्ये टाकून राणीपूरपर्यंत आणावी आणि पहाटेच्या उजेडात थेट घाटाला भिडावे. बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे नंदुरबार हे सोयीचे स्थानक आहे. म्हसावदहून पुढे निघताना रस्ता एकदा विचारून घ्यावा, कारण धडगावकडे जाणारी वाहतूकही याच बाजूने जाते, "दादा, तोरणमाळचा रस्ता हाच ना?" एवढे विचारले की चहाच्या टपरीवरचा माणूस वळणापर्यंत सोबत येऊन दाखवतो.

हंगाम निवडताना ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत चांगला धरावा. ऑक्टोबरात डोंगर अजून हिरवा असतो, ओढ्यांना पाणी असते आणि रस्त्यावरची पावसाळी माती धुऊन गेलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे आणि धुके पाहायला गर्दी लोटते, परंतु सायकलस्वाराच्या दृष्टीने तो काळ धोक्याचा आहे: धुक्यात समोरून येणारी जीप वळणावर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, कड्याकडून दगड सुटतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो. मार्चपासून पुढे खानदेशचा उन्हाळा सुरू होतो. पठारावर हवा पायथ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असली तरी तेथपर्यंत जाण्याची वाट पायथ्याच्या उन्हातूनच आहे. आणखी एक तारीख टाळावी ती महाशिवरात्रीची. त्या यात्रेला गोरखनाथांच्या दर्शनासाठी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून भाविक येतात, घाट वाहनांनी भरून जातो आणि सायकलला धड चढायलाही जागा उरत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हाही जीपगाड्यांना टपापर्यंत माणसे असतात. त्या दिवसांत सायकल न काढता बाजारच पाहावा, असे माझे मत आहे.

आता सायकलीविषयी. आपल्याकडची साधी काळी सायकल पुढे ४४ आणि मागे १८ दातांची असते. पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की ती सुमारे पाच मीटर पुढे जाते. ताशी ८ किलोमीटर या वेगाने घाट चढायचा म्हटले तर मिनिटाला पायांचे जेमतेम २६ फेरे होतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला सगळे वजन टाकून उभे राहावे लागते, आणि गुडघे लवकरच तक्रार करू लागतात. हेच पुढे ३० आणि मागे ३४ दातांचा गियर असेल तर एका फेऱ्यात सायकल पावणेदोन-एक मीटर पुढे जाते, त्याच वेगाला मिनिटाला सत्तरच्या आसपास फेरे पडतात आणि पाय हलके राहतात. म्हणून गियरची सायकल घ्यावीच, आणि घेताना किती गियर आहेत हे विचारण्याऐवजी सर्वांत हलक्या गियरला पुढे किती दात आणि मागे किती दात आहेत हे मोजून पाहावे. मागचे दात पुढच्या दातांपेक्षा जास्त असतील तर ती सायकल या घाटाला चालते. महागडी असण्याची काही गरज नाही.

ब्रेकची तपासणी दुकानात न करता घरी, उजेडात, स्वतः करावी. रिम ब्रेक असेल तर रबराच्या खाचा स्पष्ट दिसत आहेत का, रबर रिमवर सरळ बसते का आणि कुठे टायरला घासत नाही ना, हे पाहावे. डिस्क ब्रेक असेल तर पॅडची जाडी पाहावी. ब्रेकची मूठ पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घेतल्याशिवाय निघू नये.

टायरबद्दल खानदेशात वेगळे सांगावे लागते, कारण येथे पंक्चर खिळ्यापेक्षा काट्याने जास्त होतात. सपाटीच्या रस्त्याकडेला बाभळीच्या कुंपणाचे काटे पडलेले असतात आणि मातीच्या कडेवर सराटा पसरतो. सराट्याचे वाळलेले फळ टायरमध्ये रुतते तेव्हा लगेच हवा जात नाही. काटा रबरात हळूहळू आत सरकतो आणि पाच-सात किलोमीटरनंतर, बहुधा चढ सुरू झाल्यावर, चाक बसते. त्यामुळे म्हसावदला किंवा राणीपूरला चहाला थांबलात की सायकल उभी करून प्रत्येक चाक सावकाश फिरवावे आणि टायरवरून नजर फिरवावी. हातमोजा घातलेल्या तळव्याने टायर पुसला तरी सराटा हाताला लागतो. तो नखाने किंवा टाचणीने उपटून काढावा. बाभळीचा लांब काटा मात्र अर्धा आत गेलेला दिसला आणि हवा टिकून असेल तर तो तेथे काढू नये. तो निघताच छिद्र उघडे पडते, म्हणून जेथे बसून ट्यूब बदलता येईल अशा सावलीत पोहोचल्यावर काढावा. रस्त्यावरून उतरून मातीत सायकल घालणे शक्यतो टाळावे, कारण बहुतेक काटे तेथेच मिळतात. सोबत दोन सुट्या ट्यूब, पंप, टायर काढण्याच्या पट्ट्या, सोल्यूशन-पॅच आणि अ‍ॅलन पाने ठेवावेत. घाटात पंक्चरचे दुकान भेटेल या भरवशावर राहू नये. बत्तीस मिलीमीटरच्या आसपासच्या टायरमध्ये साठ ते सत्तर पीएसआय आणि दोन इंची रुंद टायरमध्ये पस्तीस ते चाळीस पीएसआय हवा या रस्त्याला पुरेशी आहे. टायर दगडासारखा टणक भरला तर उतारावर खडीवरून चाक उडते.

पाण्याचा हिशेब ताशी अर्धा ते पाऊण लिटर असा धरावा आणि राणीपूरहून निघताना अंगावर-सायकलवर मिळून किमान अडीच लिटर पाणी असावे. नुसते पाणी पीत राहिल्याने घामातून गेलेले मीठ भरून येत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे जलसंजीवनीचे प्रमाण आहे. त्यात लिंबू पिळले तर ते प्यायला बरे वाटते. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये. खाण्यासाठी विशेष शोधाशोध करावी लागत नाही: शहाद्याच्या शिवारातली केळी, गूळ-शेंगदाणे आणि घरून बांधून आणलेली कळण्याची भाकरी एवढे पुष्कळ आहे. भाकरी सपाटीवर, घाटाच्या आधी खावी. चढावर दर वीस-पंचवीस मिनिटांनी केळ्याचा अर्धा भाग किंवा गुळाचा खडा पुरतो. भूक लागल्यावर खायचे आणि तहान लागल्यावर प्यायचे असे ठरवले तर घाटात नेहमी उशीर होतो. शेवभाजी आणि तेलकट फरसाण पठारावर पोहोचेपर्यंत दूर ठेवावे.

चढ सुरू झाला की पहिली पंधरा मिनिटे मुद्दाम मंद चालवावे. सपाटीवरून आलेले पाय गरम असतात, हुरूप असतो, आणि पुढच्याला गाठण्याची इच्छा होते. याच पंधरा मिनिटांत खर्चलेली ताकद शेवटच्या वळणांवर कमी पडते. वेग मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत असेल तर वेग योग्य आहे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गियर हलका करावा. गियर चढ अंगावर येण्याच्या आधी बदलावा, कारण पूर्ण जोर लावलेला असताना बदलला तर चेन कुरकुरते, घसरते आणि क्वचित तुटतेही. बसूनच चालवावे, कंबरेपासून थोडे पुढे झुकावे, हँडल घट्ट आवळून धरू नये आणि खांदे सैल सोडावेत. दर काही मिनिटांनी दहा-वीस फेरे उभे राहून मारले तर पाठीला आराम मिळतो.

वळणांची एक खुबी समजून घेतली तर बरीच ताकद वाचते. घाटातल्या तीव्र वळणावर आतली कड सर्वांत उभी असते आणि बाहेरची कड लांब पण सौम्य असते. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्या वळणावर आपल्याला आपोआप बाहेरची सौम्य कड मिळते आणि तेथे दम परत आणता येतो. डावीकडे वळणाऱ्या वळणावर मात्र आतल्या उभ्या कडेने जावे लागते. अशा वेळी चढ टाळण्यासाठी रस्त्याच्या उजव्या बाजूला सरकणे म्हणजे वरून इंजिन बंद करून येणाऱ्या जीपच्या तोंडी जाणे होय; त्यापेक्षा वळणाआधी एक गियर हलका करावा, आपल्याच बाजूत आतल्या कडेपासून हातभर बाहेर राहावे आणि तेवढे पाच-सहा फेरे जोर लावून काढावेत. याच घाटातल्या सातपायरी नावाच्या टप्प्यात एकामागून एक अशी वळणे येतात, तेव्हा हा क्रम पायांना सवयीचा झालेला असला पाहिजे. वळणावर कधीही थांबू नये. थांबायचेच असेल तर वळण संपवून सरळ भागात, कठड्याच्या बाजूला, सायकल रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन थांबावे. उतरून चालण्यात काहीही कमीपणा नाही.

या जंगलाची ओळख असणे सायकलस्वाराच्या फायद्याचे आहे. साग, सालई, धावडा, अंजन, मोह, पळस हे येथले मुख्य वृक्ष, आणि याच पट्ट्याने १९९७ साली साऱ्या पक्षिजगताला चकित केले. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर खात्रीने कोणाला दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. हा पिंगळा दिवसाउजेडी वावरतो आणि सागाच्या निष्पर्ण फांदीवर उघडा बसलेला असतो, त्यामुळे सायकलच्या संथ वेगाला तो दिसण्याची शक्यता मोटारीपेक्षा नक्कीच जास्त आहे. दिसला तर थांबून पाहावे. रस्ता सोडून आत शिरू नये आणि मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नये. स्पीकर लावून घाट चढण्याची अलीकडची पद्धत तर सर्वथा सोडावी. त्याने पाखरे उडतात, आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज आपल्यालाही ऐकू येत नाही.

सातपुड्यात बिबट्या आणि अस्वल आहेत. भर दिवसा डांबरी रस्त्यावर त्यांची गाठ पडणे दुर्मीळ आहे, परंतु मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागली की पहाटे अस्वले झाडांखाली येतात, म्हणून त्या दिवसांत झुंजुमुंजू होण्याआधी जंगलात शिरू नये. माकडांना काही खाऊ घालू नये. खाण्याची पिशवी हँडलला लटकवलेली दिसली की ती ओढण्यासाठी माकडे थेट सायकलवर येतात. वाटेत भिल्ल आणि पावरा वस्त्या लागतात. रस्त्याकडेला मोह वेचणाऱ्या बायका, सरपणाच्या मोळ्या घेऊन चाललेली माणसे, शाळेत जाणारी मुले यांच्याजवळून जाताना वेग कमी करावा आणि न विचारता त्यांचे फोटो काढू नयेत. पाणी मागायचे झाले तर "ताई, थोडं पाणी मिळेल का?" असे म्हणून अंगणाबाहेर उभे राहावे.

पठारावर आल्यावर रस्ता सौम्य होतो आणि येथेच या सहलीतले सर्वांत निवांत सायकल चालवणे आहे. यशवंत तलावाच्या बाजूने, गोरखनाथ मंदिराकडे, कमळ तलावाकडे आणि सीताखाईच्या दिशेने सावकाश फिरावे. ज्येष्ठांनी, लहान मुलांनी किंवा ज्यांना घाट झेपणार नाही त्यांनी सायकली गाडीतून वर आणून एवढाच भाग फिरला तरी त्यांची सहल उत्तम होते. सीताखाईच्या कड्याजवळ सायकल मागेच उभी करून पायी जावे. पर्यटन महामंडळाच्या निवासस्थानाची किंवा वनखात्याच्या विश्रामगृहाची सोय आधीच पक्की करावी आणि मुक्कामच करावा, असा माझा आग्रह आहे. त्याच दिवशी उतरायचे म्हटले की दमलेल्या हातांनी ब्रेक धरावे लागतात, आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारासच सूर्य मावळत असल्याने जंगलात अंधार गाठतो. रात्री वर कडाक्याची थंडी असते. स्वेटर आणि कानटोपी पिशवीत असावी.

उतार हा या प्रवासाचा खरा जोखमीचा भाग आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले, तर ६०० मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती दीड लिटर साधे पाणी उकळायला पुरेल एवढी असते. तिचा काही भाग वाऱ्याच्या रोधात जातो, उरलेला रिम, डिस्क आणि पॅड यांच्यात उष्णता म्हणून उतरतो. सबंध घाट ब्रेक किंचित दाबून धरून उतरणाऱ्याची रिम एवढी तापते की पातळ ट्यूब फुटू शकते, आणि तापलेली डिस्क पकड सोडू लागते. म्हणून सरळ भागात सायकलला थोडे मोकळे सोडावे, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक एकत्र, ठाम पण न झटकता लावून वेग पुरेसा खाली आणावा, आणि वळणात शिरताना पकड सैल करावी. वळणात झुकलेले असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक हमखास घसरते. वळणाच्या बाजूचे पायडल वर आणि बाहेरच्या बाजूचे खाली ठेवून त्यावर वजन द्यावे, आणि चाकापुढे न पाहता वळण जेथे संपते तेथे पाहावे.

नोव्हेंबर-डिसेंबरनंतर वळणांच्या कडेला सागाची मोठी वाळकी पाने साचतात. सकाळच्या दवात ती निसरडी होतात आणि त्यांच्याखाली खडी किंवा खड्डा दडलेला असू शकतो, म्हणून पानांच्या ढिगावर ब्रेक लावू नये आणि ढीग चुकवण्यासाठी ऐनवेळी हँडलही वळवू नये. लांबूनच ओळखून आधी वेग कमी करावा. दव वाळल्यावर, साडेआठ-नऊच्या सुमारास उतरायला सुरुवात करावी. अंध वळणावर घंटी वाजवावी, गरज पडल्यास मोठ्याने आवाज द्यावा. गटात असाल तर दोन सायकलींत किमान तीस पावलांचे अंतर ठेवावे आणि उतारावर एकमेकांना मागे टाकू नये. दर तीन-चार किलोमीटरला सरळ जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत. डिस्कला बोट लावू नये आणि तापलेल्या रिमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नये. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतकाच सैल ठेवावा. घाटात मोबाईलचे सिग्नल सलग मिळत नाही, त्यामुळे कोणी पडलेच तर एकाने जखमीजवळ थांबावे, दुसऱ्याने येणारी जीप किंवा एसटी थांबवून सिग्नल मिळेल तेथवर जावे आणि १०८ वर फोन करावा.

ज्यांनी आतापर्यंत घाट केलेलाच नाही त्यांनी थेट तोरणमाळला जाऊ नये. शहाद्याच्या लोकांनी आधी पायथ्याच्या उनपदेवपर्यंत, चाळीसगावच्या लोकांनी पाटणादेवीपर्यंत, रावेर-सावद्याच्या लोकांनी पालपर्यंत आठवड्याच्या सुटीला जाऊन यावे. हे रस्ते लहान आहेत, डोंगराच्या कुशीतले आहेत आणि सायकलीतली व शरीरातली उणीव तेथेच कळते. सलग तीन तास सीटवर बसून पाठ आणि मनगटे दुखेनाशी झाली, आणि चढावर न थांबता गियर बदलता येऊ लागला, की राणीपूरची तारीख ठरवायला हरकत नाही. घरी परतल्यावर सायकल धुऊन चेन पुसून तेल द्यावे, ब्रेकचे रबर किंवा पॅड पुन्हा काढून पाहावेत, झिजले असतील तर लगेच बदलावेत आणि टायरमध्ये राहिलेले सराटे एकेक करून उपटून टाकावेत.